घरातले प्रेक्षक

४ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे! ट्रकवाल्याने कपाटाचा एक पाय मोडला, पण तीन पाय शाबूत आहेत आणि चौथ्याच्या जागी मी जुन्या वह्यांची चवड लावली. नव्या घराची नवी रोजनिशी त्याच गठ्ठ्यात सापडली. कोरी वही फुकट जाऊ देणाऱ्यांतली मी नव्हे.

घर पाणीपुरवठ्याचं आहे. पंपसाहेबांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, बदलीसोबत मिळालेलं. तो पंप चालवतो, म्हणून ही पदवी मीच त्याला बहाल केली आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि बाहेरून जिना असलेली स्वतःची गच्ची. रस्ता आपल्या दारातच संपतो. पुढे पाण्याची टाकी आणि टेकडी, मागे सगळ्यात जवळचं घर चालत पंधरा मिनिटांवर. आमच्या लेकीने, भिंगरीने, घराला अकरा फेऱ्या मारल्या आणि बाराव्या फेरीत गुडघा फोडून घेतला. नऊ वर्षांची झाली तरी दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ.

सासूबाई मात्र खट्टू आहेत. इथे केबल येत नाही आणि फोनला स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं केलं तर रेंजची कशीबशी एक काडी दिसते. आधीच त्यांना कमी ऐकू येतं, त्यात टीव्हीही गेला, तर म्हातारीने भिंतीकडे बघत बसायचं का, असा त्यांचा रोकडा सवाल. पंपसाहेब म्हणाला, गच्चीवर अँटेनाचा पाइप आहे, बघू काहीतरी.

६ मार्च, बुधवार

अँटेनावाला आला. बारीक माणूस, पण बोलणं लांबलचक. हे नव्या पिढीचं प्रसारण आहे, हवेतूनच येतं, केबल नको, नेट नको. एक अँटेना आणि एक डबा, संपलं काम. पूर्वी सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि मुंग्यांतूनही माणसं चालायची. आता तसं नाही. एकतर स्वच्छ दिसणार, नाहीतर काहीच दिसणार नाही. मधलं काही उरलेलं नाही, असं त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं.

मग तो गच्चीवर, भिंगरी जिन्यात, आणि टीव्हीसमोर सासूबाई, अशी आमची तारसेवा सुरू झाली. तो वरून विचारणार आलं का, भिंगरी आत ओरडणार आलं का, आणि सासूबाई सांगणार की नको, आत्ताच झालाय चहा. शेवटी मी त्यांची उचलबांगडी करून स्वतः बसले. पडद्यावर सिग्नलचे टक्के दिसतात. चाळीस, सत्तावीस, काहीच नाही, आणि मग एकदम एकसष्ट. मी ओरडले, आलं, तिथंच ठेवा! त्याने नट आवळले. बारा चॅनेल आले. जाताना म्हणाला, टेकडीपलीकडच्या टॉवरवरून बाराच निघतात, तेव्हा उगाच शोधत बसू नका.

७ मार्च, गुरुवार

आज सासूबाई रडल्या. आनंदाने. या डब्यात अशी सोय आहे की मागचं संगीत, गोंगाट सगळं खाली जातं आणि माणसाचा आवाज तेवढा वर येतो. आठ वर्षांनी त्यांनी मालिकेतल्या माणसांना कुजबुजताना ऐकलं. आता मला जपून बोललं पाहिजे, असं मी पंपसाहेबाला म्हणाले, आणि ते त्यांनी नेमकं ऐकलं!

ही सोय कायम ठेवायची तर डब्यात एक फॉर्म भरावा लागतो. फॉर्म म्हटला की माझे हात शिवशिवतात. सोळा वर्षं शाळेच्या कचेरीत मी दुसरं केलं काय? मथळा होता, घरातले प्रेक्षक. प्रत्येकाचं नाव, वय, बसण्याची जागा, ऐकू किती येतं. शिवाय प्रत्येकाने पडद्याकडे बघून एक वाक्य बोलायचं, म्हणजे डब्याला आवाज कळतो. सासूबाई म्हणाल्या, दिवा लावा आधी. पंपसाहेब म्हणाला, झालं का. भिंगरीने जीभ काढून दाखवली आणि मग पाढा म्हटला. खाली प्रश्न आला, आणखी कोणी आहे का? तेवढ्यात दूध उतू जायला लागलं. मी ‘नाही’ दाबून धावले.

रात्री पंपसाहेब हसत होता, की सगळ्या घराचे फॉर्म भरणारी बाई स्वतःचं नाव घालायला विसरली. खरंच आहे. रेशनपासून सहलीपर्यंत माझं नेहमी असंच होतं. पण मी टीव्ही बघतेच कधी?

१० मार्च, रविवार

फॉर्म भरल्यावर डब्याने आपणहून चॅनेल पुन्हा शोधले. आता तेरा आहेत. तेराव्याला नाव नाही. त्यावर एक खोली दिसते. पांढऱ्या भिंती, एक खिडकी, खिडकीला पडदा, तीन लाकडी खुर्च्या. कोणी येत नाही, जात नाही. पडदा मात्र हलतो. पंपसाहेबाच्या मते चित्राची तपासणी चालू असेल. सासूबाईंना ते भलतंच आवडलं आहे. म्हणतात, बाकी सगळीकडे भांडणं, इथं कशी शांतता.

चित्र इतकं लख्ख आहे की खुर्चीच्या लाकडातल्या रेषा मोजाव्यात. मला का कोण जाणे, ते फार वेळ बघवेना.

१२ मार्च, मंगळवार

सकाळी चहा पिताना सासूबाई थांबल्या. थांबल्या म्हणजे अशा, की कप ओठांपासून चार बोटांवर, भुवया वर, बोलता बोलता उघडलेलं तोंड, आणि सगळं जागच्या जागी. मी चार मोजेपर्यंत त्या तशाच होत्या. मग एकदम कप खाली ठेवलेला आणि त्या भलतंच वाक्य अर्ध्यातून बोलत होत्या. मधलं बोलणं कुठे गेलं ते त्यांनाही ठाऊक नाही.

डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब ठीक. ते म्हणाले, वय झालंय, एखाद्या क्षणी तंद्री लागते, काळजी करू नका. सासूबाईंनी बाहेर येऊन त्यांचंच वय काढलं.

भिंगरीला मात्र गंमत वाटली. आजी अडकली, आजी अडकली, म्हणून घरभर नाचली. मी तिला एक धपाटा घातला. नंतर वाईट वाटलं.

तेराव्या चॅनेलवर पहिल्या खुर्चीत कोणीतरी बसलं आहे. आपल्याकडे पाठ करून. पांढरा अंबाडा आहे.

१४ मार्च, गुरुवार

आज सहा वेळा. आता ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. जेवताना त्यांनी मीठ मागितलं ते मला त्यांचं तोंड मिटल्यावर ऐकू आलं. त्यांना स्वतःला काही जाणवत नाही. उलट म्हणतात, मला हल्ली किती छान ऐकू येतं.

दुपारी पंपसाहेब जेवायला आला आणि पडद्यासमोर तसाच उभा राहिला. खुर्चीतल्या बाईने मान वळवली होती. त्या सासूबाईच होत्या. हनुवटीवरचा तीळ, तुटलेला दात, सगळं. आमच्या शेजारी बसलेल्या सासूबाईंपेक्षा त्या जास्त स्पष्ट दिसत होत्या.

पंपसाहेबाने खिडकीत उभं राहून अँटेनावाल्याला फोन लावला. तो म्हणाला, तेरावं चॅनेल नाहीच. बाराच आहेत. रविवारी येतो.

१५ मार्च, शुक्रवार

जसं झालं तसं लिहिते. सकाळी दहा वाजता सासूबाई खुर्चीत बसून भिंगरीची वेणी घालत होत्या. त्या थांबल्या. मी मोजायला लागले. नऊ, दहा, अकरा. मग त्यांच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. लहान लहान, रंगीत. मग अंगाचे. मग खुर्ची रिकामी होती.

भिंगरीची अर्धी वेणी सुटली. तिने मागे वळून विचारलं, आजी?

तेराव्या चॅनेलवर सासूबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या आहेत. खिडकीबाहेर कशाला तरी हसताहेत. पंपसाहेब पडद्यावर हात ठेवून आई, आई म्हणत राहिला. त्यांनी एकदाही इकडे बघितलं नाही. आठ वर्षं आम्ही ओरडून बोललो तेव्हा त्यांना ऐकू येत नव्हतं, आता तर काय.

१६ मार्च, शनिवार

पंपसाहेबाने डब्याची वायर उपटली. त्याच क्षणी दाराशी उडी मारणारी भिंगरी हवेत थांबली. दोन्ही पाय जमिनीच्या वर. मी किंचाळले. त्याचाही हात मधेच अडकत होता, पण त्याने वायर परत खुपसली. ती खाली आली आणि पळत गेली. तिला काही कळलंही नाही.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

मग त्याच्या डोक्यात आलं की अँटेना थोडी फिरवून बघू, कदाचित आई परत येईल. तो गच्चीवर गेला. मी टीव्हीपाशी. तो वरून विचारायचा, आलं का? मी म्हणायचे, नाही. आलं का? नाही. आणि मग घरातल्या, सासूबाईंच्या रिकाम्या खुर्चीत रंग दिसला. हात दिसले. अंबाडा दिसला. त्या आल्या होत्या! मी जीव खाऊन ओरडले, आलं! तिथंच ठेवा! अहो, हलवू नका!

वरून उत्तर आलं नाही.

मी पुन्हा हाक मारली. वर पाना पडल्याचा आवाज झाला. पाइप करकरला आणि सासूबाई पुन्हा गेल्या. मी जिन्याने धावत वर गेले. गच्चीवर पाना होता, त्याच्या चपला होत्या.

तेराव्या चॅनेलवर दुसऱ्या खुर्चीत तो अनवाणी बसला आहे.

मीच ओरडले, तिथंच ठेवा. मीच.

१७ मार्च, रविवार

पाणीपुरवठ्याच्या वरच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, बदलीची माणसं अशी न सांगता जातात, दोन दिवस वाट बघा. मी सांगणार तरी काय होते?

अँटेनावाला आला. आज त्याचं लांबलचक बोलणं बंद होतं. त्याने फॉर्म उघडला, तीन नावं वाचली. पुसायची सोय नाही. मी म्हणाले, मग माझं घाला, आत्ता घाला. त्याने बटण दाबून दाबून पाहिलं. नोंदणी पूर्ण झाली आहे, एवढंच येतं. सगळ्या घराला नेलं आणि मला दाराबाहेर ठेवलं, आणि तेही माझ्याच हाताने. दूध गेलं असतं उतू तर काय बिघडलं असतं?

भिंगरी तिथेच बसून पाव खात होती. अँटेनावाल्याने एकदा तिच्याकडे, एकदा टक्क्यांकडे बघितलं. एकसष्टचे एक्कावन्न झाले होते. हळूच म्हणाला, “वहिनी, ही इथं नाहीये. ही इथं येतेय, अँटेनातून.”

मग तो उठून गेला. पिशवीही न्यायला थांबला नाही.

दुपारी मी भिंगरीचा हात धरून निघाले. कुठेही, फक्त इथून लांब. रस्त्याच्या पहिल्या वळणापर्यंत ती बडबडत होती. वळणावर माझ्या मुठीतला तिचा हात हलका झाला. खाली बघितलं तर बोटांचे चौकोन होत होते. तिला उचलून मी उलटी पळत सुटले. उंबरठ्याच्या आत आल्यावर तिने विचारलं, आपण जाणार होतो ना?

१८ मार्च, सोमवार

चव्वेचाळीस.

दर दहा मिनिटांनी भिंगरी थांबते. मी मोजते. सात. नऊ. आठ. पंधरा. सासूबाई अकरानंतर गेल्या होत्या, म्हणून पंधरा झाले तेव्हा मी तिच्या तोंडासमोर जाऊन बसले. पण ती परत आली आणि म्हणाली, अशी काय बघतेस गं माझ्याकडे?

पाइपाचे नट आवळले. वायर बदलली, अँटेनावाल्याच्या पिशवीत होती. काही फरक नाही. गच्चीवर गेले की सारखं वाटतं, खाली ती गेली असेल. खाली आले की वाटतं, वर आणखी काहीतरी करायला हवं होतं.

तिसरी खुर्ची अजून रिकामी आहे. पंपसाहेबाने ती आपल्याजवळ ओढून घेतली आहे.

१९ मार्च, मंगळवार

सकाळी अडतीस. मी वीस मोजेपर्यंत भिंगरी थांबलेली होती.

वर धावले, काय करावं ते सुचेना, अँटेनाची दांडी नुसती हातात धरली. खालून भिंगरी ओरडली, आई, ब्याण्णव! मला आधी पटलंच नाही. हात काढला, छत्तीस. धरला, ब्याण्णव. वाऱ्याने हलू नये म्हणून एक काठी टेकवून पाहिली, ओला फडका बांधून पाहिला, छत्तीसच. हातच लागतो. माझा.

म्हणून उभी आहे. वही कठड्यावर, डाव्या हाताने लिहिते, अक्षर बघवत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात ते हेच. भिंगरी खाली गाणी म्हणते, उड्या मारते, एकदाही थांबली नाही. मधूनमधून टक्के ओरडून सांगते. झरोक्यातून आवाज येतो. दिसत मात्र नाही.

तिला वर बोलावलं होतं. परवा वळणापर्यंत आली होती, आज दुसऱ्याच पायरीवर तिचा आवाज तुटायला लागला. परत पाठवली. पाव कुठे आहे, दूध कुठे आहे, गॅसला हात लावायचा नाही, सगळं वरून सांगितलं. फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत वाजला. तो तिने उचलेपर्यंत बंद पडला, आणि तिला परत लावता येईना. एक काडीही नाही म्हणते.

हात दोरीने दांडीला बांधला आहे. झोपले तरी सुटायला नको.

२० मार्च

रात्रभर तिचा खोकला ऐकत होते. खोकला आला की बरं वाटायचं.

उजाडल्यावर म्हणाली नव्वद.

—

हात माझा राहिलेला नाही. बोटं निळी. दोरी ढिली केली तर टक्के पडतात, घट्ट केली तर काही जाणवत नाही.

—

भिंगरी म्हणते बाबा बोलले. आजी बोलली. तिसऱ्या खुर्चीवर हात ठेवून म्हणतात, ये. तिला म्हटलं, टीव्हीकडे बघू नकोस, भिंतीकडे तोंड करून बस. म्हणाली, भिंतीकडे किती वेळ बसू?

ते विचारतात म्हणे, आई कुठे आहे.

—

चौऱ्याऐंशी. पाणी संपलं. कोणीतरी रस्त्याने— नाही. टाकीचाच आवाज.

—

एकाहत्तर.

ती रडते. खाली ये म्हणते. एक मिनिट. फक्त कुशीत घे आणि परत जा. मी नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडले तिच्यावर. असं कधी ओरडले नव्हते—

ती म्हणाली, मग मी बोलणारच नाही तुझ्याशी.

—

भिंगरी, किती?

—

रुसली आहे. रुसली की बोलत नाही ती, जेवत नाही, दाराआड बसते. तासभर बसते कधी. मला ठाऊक आहे तिचं.

उड्यांचा आवाज नाही. रुसल्यावर कशाला उड्या मारेल?

खोकलाही नाही.

—

बाळा, टक्के नको सांगूस. नुसती टाळी वाजव. एकच.

—

खाली जाऊन बघितलं तर कळेल. पण ती असेल, दाराआड रुसून बसलेली असेल, आणि मी हात सोडला तर— आणि नसेल तर मी हे कोणासाठी धरून—

रुसलीच आहे. नक्की रुसली आहे. थोड्या वेळाने स्वतःच म्हणेल, आई,